पलीकडची डुकरं

सकवारबाईच्या माहेरी डुकराची एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. तंजावरच्या दिवसांत कुणा खापरपणजोबांनी धावत्या घोड्यावरून भाला टाकून रानडुक्कर लोळवलं आणि त्याचं मांस साऱ्या गल्लीला वाटलं. लग्नकार्यात जेवणं उरकली, पानं वळली की कुणीतरी ती गोष्ट काढायचंच. पण त्याच घराण्यातली बाई तमिळ मुलखात, गुम्मिडिपूंडीच्या पुढे, सुरूच्या बनाला लागून, पांढरी विलायती डुकरं पाळते हे कळलं तेव्हा मात्र सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. कुणी विचारलंच तर तिच्या थोरल्या जाऊबाई सांगत, "तिचं काहीतरी ॲग्रो बिझनेस आहे," आणि लगेच मुलांच्या परीक्षांवर येत.

सकवारबाईला त्याचं फारसं वाटत नसे. तिचा नवरा तिथल्याच एका पोलादाच्या कारखान्यात फोरमन होता. छातीच्या दुखण्यानं तो गेला तेव्हा ती चाळिशीत होती, मूलबाळ नव्हतं, आणि त्यानं हौसेनं घेतलेली रेताड जमीन तेवढी मागे उरली होती. तीही पुरती तिची नव्हती. घेताना अर्धे पैसे तिच्या थोरल्या भावानं, जनकोजींनी घातले होते, म्हणून पट्टा, म्हणजे जमिनीचा उतारा, दोघांच्या नावावर होता.

जनकोजी जॉर्ज टाउनाच्या बाजारपेठेत एका डाळीच्या घाऊक व्यापाऱ्याकडे कारकून होते. तुरीची चुणी कुठे पडून असते, मक्याचा भरडा कोण स्वस्त देतो, तांदळाच्या कोंड्यात भेसळ कशी ओळखायची, हे सगळं त्यांना पाठ. डुकरांची कल्पना त्यांचीच. तिच्या नवऱ्याचं दिवसकार्य उरकल्यावर ओसरीवर बसून ते म्हणाले होते, "सकु, गाईस घालशील तर ती दूध देईल, मग ते विकायला पहाटे उठून धाव. डुकरास घाल, ते आपलं आपण वाढतं. जें घातलं तें अंगावर दिसतं. आणि इथे वास आला म्हणून भांडायला शेजारी आहे कोण?"

कामाची वाटणी आपोआप झाली. माद्या आणि पिल्लं सकवारबाईनं बघायची. पिल्लं आईपासून तोडली की ती शेडच्या दुसऱ्या टोकाला जनकोजींच्या ताब्यात जायची. तिथे खाऊन खाऊन नव्वद किलोच्या आसपास भरली की केरळचा व्यापारी ट्रक घेऊन यायचा. जनकोजी आधी रविवारी यायचे, निवृत्त झाल्यावर वेलचेरीत राहणाऱ्या मुलाच्या फ्लॅटमधून गाड्या बदलत जवळजवळ रोज. झाडलोटीला आणि खाद्य कालवायला सुब्बा होता, रेल्वेलाइनच्या पलीकडच्या वस्तीतला, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्याही घरी परसात दोन डुकरं होती.

सकवारबाईला या कामाची गोडी लागेल असं तिचं तिलाही वाटलं नव्हतं. पण लागली. जन्मल्यापासून दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लू आईचं एकेक थान धरतं आणि मग ते सोडत नाही, हे ती स्वतः पाहून शिकली. दांडगी पिल्लं पुढची थानं बळकावतात, तिथे दूध जास्त. अशक्त पिल्लाच्या वाट्याला मागचं थान येतं, तिथे नावाला दूध. पहिल्याच दिवशी ती दुबळ्या पिल्लाला उचलून पुढे लावायची, दांडग्याला मागे ढकलायची, आणि त्यांच्या किंचाळण्याकडे लक्ष न देता तिथेच बसून राहायची. आई कूस वळताना पिल्लू चिरडू नये म्हणून भिंतीलगत लोखंडी दांडे बसवले, वर दिवे टांगले. तिची पिल्लं आठव्या आठवड्याला पंधरा किलो भरत. आसपास कुणाचीच भरत नसत. तिला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

बरीच वर्षं असं नीट चाललं. मग कार्तिक हिशेबात शिरला.

कार्तिक म्हणजे जनकोजींचा मुलगा. सॉफ्टवेअरमध्ये होता. आत्याला तो तमिळ पद्धतीनं अत्तै म्हणे. डुकरांचा वास त्याला सोसत नसे, शेडमध्ये तो पाऊल टाकत नसे, पण आकड्यांची त्याला मनापासून आवड होती आणि बापाच्या धंद्यात आपलं काही असावं असंही वाटत होतं. एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसला. सकवारबाईनं कॉफी आणली. जनकोजी टंबलरमधली कॉफी डबऱ्यात, त्या पसरट वाटीत, ओतून पुन्हा टंबलरमध्ये ओतत बसले होते.

"अत्तै, बघा," कार्तिक म्हणाला. "वीस किलोपर्यंतचं पिल्लू दोन किलो खातं आणि एक किलो वाढतं. त्याच्याइतकं चोख कुणी नाही. पण त्या दोन किलोंच्या मागे त्याच्या आईचं वर्षभराचं खाणं आहे, दिवे आहेत, इंजेक्शन आहेत, मेलेली पिल्लं आहेत. पंचवीसपासून सत्तरपर्यंत तीन किलोला एक. खाणं साधं, मरत कुणी नाही. खरी कमाई तिथे. नव्वदच्या पुढे साडेचारला एक, म्हणजे आपण चरबी पोसतो."

"मग?"

"मग मधला भाग तेवढा आपण ठेवायचा. दोन्ही टोकं सोडायची. अप्पा नव्वदपर्यंत थांबतात ते चूक आहे, ते मी त्यांना सांगितलंय. आणि अलीकडचं टोक..."

"अलीकडचं टोक म्हणजे मी," सकवारबाई म्हणाली.

"तुम्ही नव्हे अत्तै. तुमचा विभाग."

सकवारबाई भावाकडे वळली. "अण्णा, तुम्ही काय म्हणतां?"

जनकोजी कॉफीकडे बघत राहिले. "हिशेब आहे तो, सकु. त्यांत राग कसला? माद्या काढून टाक असं कोणी म्हणत नाही. फक्त पिल्लू इकडून तिकडे येतं, त्याला भाव लावायचा. बाहेर मिळतं त्या भावानं."

"बाहेरचं पिल्लू म्हणजे कसलं? पोट पुढे आलेलं, जंतानं भरलेलं. त्याचा भाव माझ्या पिल्लास?"

"मला बाहेर तेवढ्यात मिळत असेल तर जास्त काय म्हणून द्यायचे?" जनकोजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम जॉर्ज टाउनातला झाला. चुणीच्या पोत्याला हात घालून नाक मुरडताना ते याच आवाजात बोलत असणार हे तिच्या ध्यानात आलं.

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "मग मीही बाहेर विकत्ये."

"विक."

त्या एका शब्दानं जे झालं ते आधीच्या सगळ्या आकड्यांनी झालं नव्हतं. ती उठली, टंबलर गोळा केले आणि आत गेली. नंतर ओसरीवर बापलेक बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. तिनं मुद्दाम नळ सोडून ठेवला.

महिन्याभरात शेडच्या मधोमध छातीइतकी विटांची भिंत उभी राहिली. विजेचा मीटर वेगळा झाला, पाण्याची टाकी वेगळी झाली. सुब्बानं सकाळी पलीकडे आणि दुपारनंतर अलीकडे काम करायचं असं ठरलं. पहिल्या दिवशी तो मध्येच उभा राहून विचारत होता, "अक्का, फावडं कुणाचं?" ती म्हणाली, "नवं आण." तेव्हापासून अलीकडे-पलीकडे हे दोन शब्द त्या जागेत एवढे रुळले की माणसांची नावं घेण्याची गरजच उरली नाही.

तिची पिल्लं केरळच्या व्यापाऱ्यानं चांगल्या भावानं उचलली. पिंजऱ्यात भरताना ती भिंतीपाशी उभी राहिली, पलीकडून दिसावं अशा बेतानं. जनकोजी पलीकडे रिकामे गाळे धुऊन घेत होते. त्यांनी मान वर केली नाही. तिला जिंकल्यासारखं वाटलं.

पण ती जिंकली नव्हती. कार्तिकनं एक दलाल शोधला. तो दूरच्या जिल्ह्यांतून पंचवीस-तीस किलोची वाढीला लागलेली डुकरं गोळा करून ट्रकनं आणून देई. पिल्लाचा सगळा कटकटीचा काळ दुसऱ्या कुणीतरी काढलेला. पहिला ट्रक चार महिन्यांत वाढून गेला, दुसरा त्याहून लवकर. कार्तिकचा हिशेब कुठेही चुकला नव्हता. पलीकडच्या छताला मोठे पंखे लागले, पाण्याला नवे नळ बसले, नाकानं दाबलं की पाणी येणारे. दुपारी ती माद्यांना पाणी मारायची तेव्हा पलीकडच्या पंख्यांची घरघर ऐकू यायची. अलीकडे मात्र माद्या खात होत्याच, दिवे जळत होतेच. एका वेताला अर्धी पिल्लं हगवणीनं गेली, तेव्हा त्या महिन्यात तिच्या हाती काही लागलं नाही. कार्तिक चुकीचा ठरावा असं तिला किती मनापासून वाटत होतं हे तिला त्या दिवसांत कळलं. रोज सकाळी उठल्यावर देवासमोर हात जोडताना मनात पहिली तीच गोष्ट यायची, आणि ती लाजून डोळे उघडायची.

पावसाळा सरत आला असताना तिसरा ट्रक आला. जनकोजी स्वतः दलालाबरोबर जाऊन तो घेऊन आले होते. या वेळी माल फारच स्वस्त मिळाला, असं सुब्बाच्या कानावर आलं होतं. उतरलेली डुकरं थकलेली दिसत होती, पण लांबून आलेली डुकरं थकतातच. सकवारबाईनं एकदा बघितलं आणि आपल्या कामाला लागली.

चारपाच दिवसांनी सुब्बा दुपारी अलीकडे आला तो हात न धुताच उभा राहिला. "अक्का, पलीकडे कोपऱ्यातल्या गाळ्यात काहीतरी आहे. खात नाहीयेत. कान लाल झालेत."

"अण्णा कुठायत?"

"दोन दिवस येणार नाहीत म्हणालेत. वेलचेरीत कसलंसं काम आहे."

ती भिंतीपाशी गेली. भर दुपारी, उकाड्यात, कोपऱ्यातल्या गाळ्यातली डुकरं थंडीनं कुडकुडावी तशी एकमेकांच्या अंगावर चढून पडली होती. गव्हाणीतलं खाद्य सकाळी टाकलं तसंच होतं. सगळ्यात वरच्या डुकराचे कान वांग्याच्या रंगाचे झाले होते. पोटावरही तसेच डाग होते. डुकरांची दुखणी तिनं पुष्कळ पाहिली होती, हे त्यांतलं नव्हतं. पशुवैद्यक खात्याच्या शिबिरात डॉक्टरबाईंनी पडद्यावर डुकरांच्या साथीच्या तापाची चित्रं दाखवली होती आणि सांगितलं होतं, याला लस नाही, औषध नाही, दिसलं की त्या क्षणी फोन करा, फाटक बंद करा, माणूससुद्धा बाहेर जाऊ देऊ नका. ती चित्रं तिला आठवली. ओळखायला क्षणही लागला नाही.

"अण्णांना फोन करू का?" सुब्बानं विचारलं.

"पलीकडचं पलीकडे," ती म्हणाली. "त्यांच्याकडे लॅपटॉप आहे. त्यांत दिसेल त्यांना."

हे वाक्य तिला बोलताना आवडलं. सुब्बा फावडं घेऊन कामाला लागला. तिनं आपल्या बाजूच्या दाराशी चुना टाकला, सुब्बाला पाय धुवायला लावले, आपल्या माद्या एकेक तपासल्या. सगळ्या ठणठणीत होत्या. संध्याकाळी सुब्बा नेहमीसारखा उरलेलं खाद्य डब्यात भरून आपल्या डुकरांसाठी घरी घेऊन गेला. डबा पलीकडच्या खाद्याच्या खोलीतला होता. ती बघत होती. तिनं काही म्हटलं नाही. आपण काय बघतोय हे तिच्या मनात तेव्हा नीट आलंच नाही, असं तिनं पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन हातात घेतला होता. नंबर काढला. मग तिला ओसरीवरचा तो शब्द आठवला, विक. तिनं फोन पोळीच्या डब्याशेजारी ठेवला आणि भात लावला.

तिसऱ्या दिवशी जनकोजी आले तेव्हा पलीकडे चार डुकरं मरून पडली होती. डॉक्टरांना त्यांनीच फोन केला.

खात्याच्या डॉक्टर वसंता त्याच दुपारी आल्या. आल्या तशा आधी फाटकाला साखळी घातली, मग नमुने घेतले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि निकाल यायचा होता तेवढ्यात पलीकडचे दोन गाळे ओस पडले. निकाल आला त्या सकाळी डॉक्टर वसंता अलीकडे आल्या. सकवारबाईनं दिलेल्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

"तुमच्या बाजूला काही लक्षणं?"

"नाही. एकही नाही. बघा की तुम्ही. भिंत आहे मधे, पाणी वेगळं, खाद्य वेगळं."

"अम्मा, एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारायचा आदेश आहे. भिंतीबद्दल त्यात काही नाही."

"निरोगी डुकरं आहेत ही."

"मला दिसतंय," डॉक्टर वसंता म्हणाल्या. त्यांचा चेहरा रात्र-रात्र झोप न झालेल्या माणसासारखा होता. "सुब्बाच्या वस्तीतही निघालंय. त्याच्या दोन्ही डुकरांना ताप आहे. तिथूनही पुढे एक किलोमीटर धरावा लागणार. सगळी गरीब माणसं आहेत, कुणाची दोन, कुणाची तीन."

सकवारबाईनं विचारलं, शक्य तितक्या सहज आवाजात, "दोन दिवस आधी कळलं असतं तर?"

"तुमची गेलीच असती. तुमच्या भावाचीही. वस्तीतली... फाटक दोन दिवस आधी बंद झालं असतं तर कदाचित वाचली असती."

सुब्बा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो सकवारबाईकडे बघत नव्हता. तिच्या पायांकडे बघत होता.

जेसीबीनं बनाच्या कडेला खड्डा खणला. पांढरे अंगरखे, गॉगल, रबरी बूट घातलेली माणसं आली. पलीकडची डुकरं त्यांनी फळ्या आडव्या धरून हाकलली. अलीकडच्या माद्या मात्र अनोळखी माणसांना बघून बिथरल्या, भिंतीला धडका देऊ लागल्या. तेव्हा एक माणूस सकवारबाईला म्हणाला, "अम्मा, तुम्ही पुढे चाला, तुमच्या मागून येतील." ती बादलीत खाद्य घेऊन पुढे चालली. आणि त्या खरोखरच तिच्या मागून आल्या, एकामागून एक, बादलीत नाक घालायला धडपडत. त्यातली एक मादी दोन दिवसांत विणार होती. सकाळपासून ती विण्यासाठी जागा करत होती आणि तोंडात धरलेली गवताची काडी तिनं सोडली नव्हती. ती काडी तशीच धरून ती तिच्या मागून खड्ड्यापर्यंत आली. सकवारबाईनं बादली खाली ठेवली आणि परत फिरली. पुढच्या मादीसाठी पुन्हा बादली भरली. सगळं उरकेपर्यंत तिनं तेच केलं.

भरपाई सरकारी होती आणि वजनाच्या गटांप्रमाणे ठरलेली होती. मोठ्या डुकराला सगळ्यात जास्त, मधल्याला त्याखालोखाल, पिल्लाला सगळ्यात कमी. वर्षाला वीस पिल्लं देणारी मादी आणि एखादं चरबीचं डुक्कर एकाच गटात बसली. पोटातल्यांना गट नव्हता. रोग पलीकडून आला होता, पण पलीकडची डुकरं पिल्लांहून जड आणि संख्येनंही जास्त म्हणून पैसे पलीकडे जास्त आले. सुब्बाची दोन डुकरं मधल्या गटात गेली. त्याच्या बायकोनं ती मुलीच्या लग्नासाठी राखली होती, असं नंतर कळलं.

सुब्बा पुन्हा कामाला आला नाही. काम उरलंही नव्हतं. सकवारबाईनं एकदा वस्तीत जाऊन त्याच्या दाराशी पैशाचं पाकीट पुढे केलं. तो म्हणाला, "वेंडाम अक्का." नको. मग म्हणाला, "मी अण्णांना फोन करायला हवा होता. तुम्हाला विचारलं ती माझी चूक." त्यात टोचून बोलणं काही नव्हतं. त्याचं त्यालाच तसं वाटत होतं. तिनं पाकीट परत पिशवीत घातलं.

पोंगल आला. दुसऱ्या दिवशी कणू. त्या दिवशी सकाळी बहिणी भावांच्या सुखासाठी पक्ष्यांना रंगीत भाताचे गोळे घालतात, भाऊ बहिणीला ओवाळणी देतो. सकवारबाईनं गच्चीवर हळदीच्या पानावर पिवळा, लाल, पांढरा भात मांडला. कावळे आले, खाऊन गेले. मग ती आंघोळ करून निघाली. सेंट्रलपर्यंत लोकल, तिथून वेलचेरीची गाडी. वाटभर ती मनाशी वाक्यं जुळवत होती. अण्णा, त्या कोपऱ्यातल्या गाळ्यातलं डुक्कर मी पाहिलं होतं. तुम्ही नव्हतां तेव्हा. मला कळलं होतं काय आहे ते. एवढंच सांगायचं आणि पुढे जे होईल ते होऊ द्यायचं असं तिनं ठरवलं होतं. ती त्या दोन दिवसांनी खंगली होती. झोपेत तिला सुब्बाचा डबा दिसायचा.

घरी जनकोजी एकटेच होते. कार्तिक बायकोच्या माहेरी गेला होता. जनकोजींच्या डोक्यावरचे केस एकदम गेल्यासारखे दिसत होते. त्यांनी स्वतः चिंचेचा भात केला होता, तोही तिखट झाला होता. दोघं समोरासमोर जेवायला बसली. खालच्या रस्त्यावर शेअर ऑटोवाले गिंडी, गिंडी म्हणून ओरडत होते.

"अण्णा," ती म्हणाली, "मज एक सांगायचं आहे. त्या कोपऱ्यातल्या गाळ्यांतलं..."

"ठाऊक आहे मला," जनकोजी म्हणाले.

तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"तुला कोणी सांगितलं? सुब्बानं? त्यास कसं कळलं असेल?" ते ताटाकडे बघत बोलत होते. "मी भरतानाच पाहिलं होतं, सकु. त्या माणसाच्या अंगणात तीन मरून पडलीं होतीं. तो म्हणाला उन्हानं. पावसाळ्यांत कसलं ऊन? मी कान पाहिले होते त्यांचे. म्हणूनच तर एवढ्या स्वस्तांत देत होता. मज वाटलं, उरलेलीं बरीं दिसताहेत, चार महिने काढले कीं झालं. कार्तिकास नाही सांगितलं. त्याच्या हिशेबांत हें बसलं नसतं. वाटेत एक मेलं, तें रस्त्याकडेला टाकलं." त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले. "तुझ्या माद्या. त्या वस्तीतल्या लोकांचीं. सगळं माझ्यामुळें. मला सांग कीं तूं, शिव्या दे. कोणीच काही बोलत नाही."

सकवारबाईच्या छातीवरून काहीतरी उठून गेलं. इतके दिवस बसलेलं ओझं होतं ते, आणि ते भावाच्या अंगावर जाऊन बसलेलं तिला समोर दिसत होतं. किती हलकं वाटलं हे बघून तिला स्वतःची किळस आली. पण हलकं वाटायचं थांबलं नाही.

"तूं काय सांगत होतीस?" जनकोजींनी विचारलं.

"काही नाही. त्या कोपऱ्यातल्या गाळ्याचं छप्पर उडालंय वाऱ्यानं. तेंच."

"सकु..."

"जेवा, अण्णा. गार होतंय."

ते जेवले. तिनंही जेवण संपवलं, भांडी घासली, त्यांनी दिलेली साडी घेतली. निघताना त्यांनी तिचा हात धरला. तो तिनं सोडवून घेतला नाही, आणि त्यांना बरं वाटेल असं काही बोललीही नाही.

उन्हाळ्यात जनकोजींनी आपल्या वाट्याची अर्धी जमीन तिच्या नावावर करून दिली. कार्तिक त्यावरून बापाशी दोन महिने बोलला नाही. वर्षभरानं त्यानंच दुसऱ्या एका माणसाबरोबर उत्तरेला नवी जागा घेतली. तिथे तो फक्त वाढीची डुकरं ठेवतो, सत्तर किलोला विकतो, आलेला माल तीन आठवडे वेगळा ठेवतो, आणि त्याचं नीट चाललं आहे. सकवारबाईनं पुन्हा माद्या आणल्या नाहीत. भिंत पाडून शेड एका कंपनीला भाड्यानं दिली. रिकामी निळी पिंपं असतात तिथे.

जनकोजी दर महिन्याला येतात. येताना जॉर्ज टाउनातून काहीतरी आणतात, काजू, वेलची, कधी चांगली तूरडाळ. तिच्यासमोर ते जरा वाकूनच बसतात, आणि ती बसू देते. नातलगांत आता डुकरांचा विषय निघाला तर त्या रानडुकराच्या गोष्टीनंतर तिची गोष्टही सांगतात, भावानं एवढं नुकसान केलं तरी मन मोठं करून माफ करणाऱ्या बहिणीची. थोरल्या जाऊबाई परवा एका बारशाला तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुझ्यासारखं काळीज कोणाला नाही हो." तिनं पदर सावरला आणि कॉफी आणखी हवी का म्हणून विचारलं.

सुब्बा एका कारखान्यात कंत्राटी कामावर जातो. पाळी सुटल्यावर तो तिच्या घरावरूनच लाइनच्या पलीकडे जातो. ती ओसरीवर असली तर तो मान हलवतो, विचारपूस करतो, पूर्वीसारखं पाणी मात्र मागत नाही.